हजेरीपटातील रहस्य

दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तारदिनी, विद्यापीठाच्या दरवाजासमोर पुस्तकांची दुकाने लागतात. १९७८ पासून १९९४ पर्यंत ज्या नावासाठी या मराठवाड्यात माणसांनी लाठ्या खाल्ल्या, वस्त्या जळताना पाहिल्या, त्या नावापुढे हात जोडून माणसे तडक पुस्तकांकडे वळतात. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायाबापड्याही रिकाम्या हाताने परतत नाहीत. ग्रंथांवर एवढे प्रेम करणारा समाज मराठीत दुसरा नसेल, असे म्हणण्याचा मोह त्या दिवशी मला होतो.

अलीकडच्या एका वर्षी मी अशाच एका दुकानाशी उभा होतो. एक बाई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आल्या. दुकानदाराने मुलीपुढे बाबासाहेबांचे छोटे चरित्र ठेवले, सावित्रीबाईंचे ठेवले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ठेवला. मुलगी म्हणाली, "हे सगळं घरी आहे, काका. गोष्टीचं आहे का एखादं? पुढं काय होतंय असं वाटायला लावणारं?" दुकानदार क्षणभर गोंधळला. मग त्याने मागच्या चळतीतून अण्णा भाऊंची 'फकिरा' काढून दिली. बाईंनी ती घेतली आणि त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

दुकानदाराचे काही चुकले असे मला वाटत नाही. 'फकिरा' १९५९ ची. ती बाबासाहेबांना अर्पण केलेली आहे, आणि पुढे काय होते या ओढीने आजही ती एका बैठकीत वाचली जाते. पण त्या मुलीने मागितले होते ते तिच्या वयाचे, तिच्या शाळेतले, तिच्या बाकावरचे पुस्तक. ते दुकानात नव्हते, कारण ते मराठीत लिहिलेच गेलेले नाही, निदान माझ्या वाचनात आलेले नाही. ते का लिहिले गेले नाही, याचा विचार मला येथे करावयाचा आहे. किशोरांची रहस्यकथा हा विषय या त्रैमासिकाच्या काही वाचकांना किरकोळ वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

मराठीत किशोरवयीन रहस्यकथेचे नाव काढले की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलीवरून वाऱ्यासारखा धावतो, आणि काही सुचले की 'ट्टॉक' असा आवाज काढतो. मी स्वतः या पुस्तकांवर वाढलो आहे. तालुक्याच्या वाचनालयात त्यांची पाने सुटी झालेली असत. एका पुस्तकाचा शेवट मला दोन वर्षांनी दुसऱ्या प्रतीत वाचायला मिळाला. भागवतांची भाषा चपळ, विनोद निर्मळ, आणि मुलाच्या बुद्धीवर त्यांचा खरा विश्वास होता. हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलतो.

फेण्याच्या जगात रहस्य नेहमी बाहेर असते. ते गुलमर्गला असते, प्रतापगडावर असते, जंगलात असते. चोर, हेर, तस्कर बाहेरून येतात. शाळा ही जिथून निघायचे आणि जिथे परत यायचे अशी सुरक्षित जागा आहे. तिच्यावर कधी कोणाचा संशय जात नाही. फेणे कोणाच्याही घरात शिरू शकतो, कोणालाही प्रश्न विचारू शकतो, आणि वडीलधारी माणसे, पोलिससुद्धा, त्याचे ऐकून घेतात. हेरगिरीसाठी बुद्धीपेक्षाही या मोकळिकीची गरज अधिक असते. लेखकाने ती आपल्या नायकाला सहजपणे देऊन टाकली आहे, इतक्या सहजपणे की ती दिल्याचे त्यालाही जाणवत नाही. पांढरपेशा मराठी साहित्यात अशा न जाणवलेल्या देणग्या फार आहेत.

येथे मला एक स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

आठवीपर्यंत मी गावच्या शाळेत होतो. तिथे माझ्यापाशी रहस्य नव्हते. कोण कुठल्या आळीतला हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे गावात लपवायचे काय? नववीला मावशीकडे तालुक्याला गेलो. आमच्या आडनावाला गावाचे नाव आणि 'कर' असल्यामुळे त्यावरून काही कळत नव्हते. मी कोणाशी खोटे बोललो नाही. फक्त कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. खेडे सोडून शहराकडे या, असे बाबासाहेब का सांगत, हे मला तेव्हा पोरबुद्धीनेही कळले. शहर माणसाला निनावी होऊ देते. पण त्या निनावीपणाबरोबर एक रहस्य पदरी येते, आणि ते सांभाळावे लागते.

त्याच वर्षी माझे वडील वारले. गावी गेलो. जलदान विधी झाला, वंदना झाली, आणि बाराव्या दिवशी मी शाळेत परतलो. रजेच्या अर्जात मी 'ताप आल्यामुळे' असे लिहिले. वडील गेले असे लिहिले असते तर पुढचे प्रश्न आले असते. पण गावाहून कोणाकडून तरी बातमी वर्गात पोचली होतीच. माझ्या शेजारी बसणारा मुलगा, ज्याच्याबरोबर मी फेण्याची पुस्तके अदलाबदल करून वाचत असे, माझ्या डोक्याकडे बघत राहिला. वडील गेलेल्या मुलाचे डोके भादरलेले असते. माझे केस जसेच्या तसे होते. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "तुमच्यात काढत नाहीत का?" मी काही बोललो नाही. त्याने जिभेने 'ट्टॉक' केले.

त्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्याने एक धागा पकडला होता आणि त्यावरून योग्य निष्कर्ष काढला होता. भागवतांनी आम्हा दोघांनाही हेच तर शिकवले होते. पण 'तुमच्यात' या शब्दाने बाक मधोमध कापला गेला, आणि वडिलांसाठी रडायचे माझे राहून गेले. त्या दिवसापासून माझ्या मनात एक साधी गोष्ट पक्की बसली आहे : मराठी रहस्यकथेत आमचे मूल हेर नसते, ते संशयित असते. त्याच्याभोवती अख्खा वर्ग हेर असतो. आडनाव काय, गाव कोणते, गावात राहता कुठे, या तीन प्रश्नांत प्रकरण उलगडते. शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचली गेली तर तीन प्रश्नांचीही गरज पडत नाही.

हे ध्यानात घेतले की दलित साहित्याकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते. आपण आपल्या साहित्याला वेदना, नकार, विद्रोह या शब्दांनी ओळखत आलो. ते बरोबरच आहे. पण त्यात उत्कंठा किती आहे, याचा हिशेब आपल्या समीक्षेने फारसा ठेवला नाही. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही १९६३ च्या संग्रहाची शीर्षककथा पुन्हा वाचावी. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परप्रांतात खोली मिळावी म्हणून जात लपवतो. रामचरण तिवारी त्याला कवी म्हणून डोक्यावर घेतो, जेवू घालतो, आणि प्रत्येक सन्मानाबरोबर वाचकाच्या पोटात गोळा येत जातो. शीर्षकानेच रहस्य आधी फोडलेले आहे. काय लपवले आहे ते आपल्याला माहीत असते. कधी आणि कसे कळेल, एवढेच माहीत नसते. कथाकाराला याहून अवघड बांधणी नाही. बागुलांना कोणी रहस्यकथाकार म्हणत नाही, आणि बाबुराव अर्नाळकरांना कोणी साहित्यिक म्हणत नाही. आपल्या समीक्षेच्या कप्प्यांविषयी यातून पुष्कळ कळते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तर रहस्याची जागा शाळेचे दप्तर हीच आहे. मुलाचे नाव घालायचे तर बापाचे नाव हवे. आई मसामाय गावातली महार स्त्री, बाप दुसऱ्या गावचा पाटील, आणि लहानपण गेले आजी संतामाय व तिच्यासोबत राहणारा मुसलमान दादा यांच्या घरात. मुख्याध्यापक धाडस करून पाटलाचे नाव बाप म्हणून लिहितात. ते कळताच बाप शाळेपर्यंत येतो, ते नाव खोडून टाका म्हणून. एरवी रहस्यकथेत वारस सिद्ध करण्यासाठी कागद शोधतात. येथे बाप कागद नष्ट करण्यासाठी धावतो, आणि त्याचा मुलगा आत फळ्याकडे तोंड करून बसलेला असतो. पुढेही सवलतीचा अर्ज आला, दाखला आला, सही आली की तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. या पुस्तकावर जी चर्चा झाली ती नीतीची, जातीची, स्त्रीच्या शोषणाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर ही एका हजेरीपटाची गोष्ट आहे. रोज सकाळी पूर्ण नावाने हजेरी घेतली जाते, आणि त्या नावाच्या मधल्या शब्दात एक स्फोटक दडलेले असते.

दुःखाचेही असेच आहे. मराठी शाळकरी मुलांनी दुःख करायला शिकावे ते 'श्यामची आई'वरून, अशी आपली रीत आहे. साने गुरुजींचा श्याम रात्रीमागून रात्री आईविषयी बोलतो आणि ऐकणारे त्याच्याबरोबर रडतात. मी या पुस्तकाची टवाळी करणारांपैकी नाही. पण श्यामला दुःख सांगताना काही लपवावे लागत नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्याची गरिबी, त्याचे उपास, आईचे पातळ, हे सारे सांगितल्याने तो मोठा होतो. आमच्या मुलाने आईचे दुःख पूर्ण सांगायचे ठरवले तर त्याला वस्ती सांगावी लागते, काम सांगावे लागते, काय शिजत होते ते सांगावे लागते. ते ऐकल्यावर ऐकणारे रडतीलच याची खात्री नसते.

आपल्या आत्मकथनांत हे पोरके, न बोललेले दुःख जागोजाग आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मधला (१९७९) आईबाप गेलेला मुलगा बहिणीच्या दारी वाढतो आणि भाकरी व शाळा यांच्यामध्ये पळत राहतो. तो पुढे याच नागसेनवनात प्राध्यापक झाला, हे आपल्या शहरातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्या पुस्तकात तो रडायला कोठे थांबला, हे शोधून पाहावे. फारसे सापडत नाही. भूक दुःखाला वेळ देत नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) लहानपणी वडील गेलेली मुलगी आहे, आयदाने विणीत राहणारी आई आहे, आणि मुलीला मारणाऱ्या मास्तरला वाटेत गाठून खडसावणारीही तीच आई आहे. मुलीच्या शाळेतल्या धैर्याचा उगम आईच्या विणकामात आणि तिच्या तोंडाळपणात आहे. हा एकच प्रसंग घेऊन एखाद्याने किशोरांसाठी कादंबरी लिहिली असती तर तिची किती पारायणे झाली असती! पण ही पुस्तके मोठ्यांसाठी मोठ्यांनी लिहिली. मागे वळून लिहिली. लिहिणारा माणूस वाचला, शिकला, प्राध्यापक झाला, हे वाचकाला मुखपृष्ठावरच कळलेले असते. आत्मकथनात उत्कंठेला ही मर्यादा पडते. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र आपण वाचणार की नाही, हे अजून माहीत नसते.

शाळेला मध्यभागी ठेवणारी मराठीतली गाजलेली कादंबरी म्हणजे मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४). आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. कादंबरी प्रामाणिक आहे आणि त्या वयाची बोली तिने नेमकी पकडली आहे. तिच्यातले रहस्य प्रेमाचे आहे. ते फुटले तर लाज वाटेल, मार बसेल, फार तर कोणी गाव सोडून जाईल. त्याच वर्गात कष्टकरी घरातला फावड्या आहे. कादंबरी त्याच्याकडे मायेने पाहते, पण त्याच्या बाकावर बसून वर्गाकडे पाहत नाही. बोकिलांनी ते केलेच पाहिजे होते असे माझे म्हणणे नाही. ज्याने त्याने आपल्या बाकावरून लिहावे. प्रश्न आपल्या बाकाचा आहे.

त्या बाकावरून एकदा पाहिले गेले, पण ते पडद्यावर. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कैकाडी घरातला जब्या शाळेत शालूवर जीव लावून बसला आहे. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते, या समजुतीपायी तो रानोमाळ हिंडतो. त्याची जात गावात सर्वांना माहीत आहे. तेव्हा रहस्य कसले? रहस्य एवढेच, की शालूने त्याला डुक्कर धरताना पाहू नये. शेवटी डुक्कर शाळेसमोरच धरायचे असते, आणि जब्या आडोशाला लपत राहतो. चित्रपटगृहात माझ्या पुढच्या रांगेतली पोरे आधी हसत होती. मग हळूहळू गप्प होत गेली. सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीचेही रहस्य असू शकते, आणि ते उघडे पडताना पाहणे कोणत्याही खुनाच्या उलगड्यापेक्षा असह्य असू शकते, हे मंजुळे यांनी दाखवले. रहस्यकथेच्या शास्त्रात त्यांनी घातलेली ही भर आहे. आपण तिची नोंद केवळ 'सामाजिक चित्रपट' म्हणून केली.

'फँड्री' अजून लोकांच्या बोलण्यात असतानाच, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय. शाळेच्या आवारातच मारहाणीला सुरुवात झाली अशी फिर्याद होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते, आणि त्यांत शाळेशी संबंधित माणसेही होती.

योगायोग असा की त्याआधीच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, 'फास्टर फेणे' हा चित्रपट आला होता. भागवतांचा पोरगा आता मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसायला पुण्यात येतो. परीक्षेच्या आधी ज्याच्याशी ओळख झाली त्या मुलाने आत्महत्या केल्याची बातमी त्याला कळते. ती आत्महत्या आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि तो शोध घेऊ लागतो. म्हणजे ज्या संशयाला मूळ पुस्तकांत जागा नव्हती, तो आता शिक्षणाच्या दारापर्यंत आला. मेलेला विद्यार्थी, त्याच्या घरचा शोक, परीक्षेमागचा काळा बाजार, सारे आहे. चित्रपट चांगला गुंतवून ठेवतो. पण शेवटी सगळे एका खलनायकाच्या माथी बसते. तो सापडला की परीक्षा स्वच्छ, कॉलेज स्वच्छ, प्रेक्षक घरी जायला मोकळा. जातीचा शब्द कोठे येत नाही. मेलेला मुलगा गरीब आहे एवढेच आपल्याला सांगितले जाते. गरीब हा मराठी चित्रपटाचा आवडता शब्द आहे. त्यामागे आडनाव लपवता येते.

वास्तवात काय होते ते आपण पाहिलेच आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. तो का गेला, हा चौकशीचा प्रश्न असायला हवा होता. चौकशीचा मोठा भाग फिरला तो दुसऱ्याच प्रश्नाभोवती : तो दलित होता काय? त्याच्या आईची जात कोणती, दाखला कोणी दिला, बापाचे नाव काय. लिंबाळे यांच्या पुस्तकातला तो शाळेचा कागद जणू येथे पुन्हा उघडला गेला. शोधायचा होता गुन्हेगार, आणि शोधली गेली मेलेल्या मुलाची जात. आमचे मूल मेल्यावरही संशयितच राहते.

अशा वेळी दूरचे एक पुस्तक मला उपयोगी पडले. दलित साहित्याने काळ्यांच्या साहित्याशी जे नाते जोडले ते आपल्याला नवे नाही. 'दलित पँथर' हे नावच त्या नात्यातून आले. पण आपण त्यांची कविता वाचली, कादंबरी वाचली, त्यांच्या पोरांसाठी लिहिलेली पुस्तके फारशी वाचली नाहीत. अँजी थॉमस या मिसिसिपीच्या लेखिकेची 'द हेट यू गिव्ह' ही कादंबरी २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली. नायिका स्टार कार्टर सोळा वर्षांची आहे. राहते काळ्यांच्या वस्तीत, शिकते दूरच्या, बहुतांश गोऱ्या मुलांच्या शाळेत. तिचा बालमित्र खलील तिच्या डोळ्यांसमोर पोलिसाच्या गोळीने मरतो. ती एकमेव साक्षीदार. दुसऱ्या जगात, म्हणजे शाळेत, ती हे कोणालाही सांगत नाही. वर्गात त्याच घटनेची चर्चा चाललेली असते, मेलेला मुलगा कसा होता याविषयी मते दिली जातात, आणि ती शेजारी बसून अनोळखी असल्यासारखी ऐकते. मला माझा 'ताप आल्यामुळे' हा अर्ज आठवला.

या कादंबरीत खून कोणी केला हे पहिल्या काही प्रकरणांतच कळते. पुढची सारी उत्कंठा एका प्रश्नावर आहे : ही मुलगी बोलेल का, आणि बोलली तर तिचे, घरच्यांचे, वस्तीचे काय होईल? शेवटी तो पोलिस खटल्यापर्यंतही जात नाही. लेखिकेने वाचकाला खोटा न्याय दिलेला नाही. तरीही पुस्तक हताश करत नाही, कारण मुलीला तिचा आवाज सापडलेला असतो. दोष काढायचा तर स्टारचे वडील फारच आदर्श उतरले आहेत, आणि गोऱ्या मित्राविषयी लेखिका जरा सढळ आहे. पण किशोरांच्या रहस्यकथेत हेराच्या जागी साक्षीदार आणून बसवला, ही तिची मोठी गोष्ट. हेर आपल्या हौसेने प्रकरणात शिरतो. साक्षीदाराला कोणी विचारलेले नसते, तो तिथे फक्त हजर असतो.

यावर आपल्यातले काही मित्र म्हणतील : करमणुकीच्या वाङ्मयाशी आपला काय संबंध? आपले साहित्य बांधिलकीचे आहे. रहस्यकथा ही भुरळ आहे, ती पोरांना झोपवते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण अण्णा भाऊंची पुस्तके स्वस्त आवृत्त्यांतून चाळीतल्या कामगारापर्यंत पोचली ती पुढे काय होते या ओढीनेच. जलसे, पोवाडे, लोकनाट्य यांतही ही ओढ होती, आणि ती बांधिलकीच्या आड आली नाही. उलट माझ्या वर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जी मुले येतात त्यांतल्या बहुतेकांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक पूर्ण वाचलेले नसते. त्यांना मी थेट सौंदर्यशास्त्र शिकवू लागतो आणि ती खिडकीबाहेर बघू लागतात. चरित्र आदर देते, अभिमान देते. पण चरित्रातला महापुरुष आपल्या बाकावर बसत नाही, आणि 'तुमच्यात' असे कोणी म्हणाले तर त्या क्षणी काय करायचे, हे सांगायला तो तिथे नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी स्वतःवरच घेतो. अशी कादंबरी लिहायची म्हणजे कोणाच्या तरी मेलेल्या मुलाची उत्कंठावर्धक गोष्ट करायची काय? ज्या घरात तो फोटो भिंतीवर आहे त्यांना ती दाखवता येईल काय? मला वाटते, गोष्ट मेलेल्याची केली तर दाखवता येणार नाही. खून हा तिच्यातला धक्का केला तर मुळीच नाही. म्हणून ती जिवंत उरलेल्याची असली पाहिजे. आणि येथे आपल्या लेखकाला स्टारपेक्षाही अवघड पात्र मिळते. स्टार बोलते. आपल्याकडचा साक्षीदार पुष्कळदा बोलत नाही. त्याचे घर त्याच गावात असते, बाप त्याच मळ्यावर कामाला असतो, किंवा तो स्वतः त्याच आळीतला, त्याच जातीतला असतो आणि घरी जेवायला त्याच लोकांच्या पंगतीत बसायचे असते. त्याने सगळे पाहिलेले असते, आणि मला काही माहीत नाही असे तो सांगतो. त्याला खलनायक करणे सोपे आहे, आणि माफ करणे त्याहून सोपे. पंधरा-सोळाव्या वर्षी फितूर होणे म्हणजे काय, हे मात्र मराठीत कोणी लिहिलेले मी वाचलेले नाही. तो मुलगा कदाचित दलित नसेलही. ज्याने माझ्या केसांकडे पाहून 'ट्टॉक' केले तो मुलगा मोठेपणी काय झाला मला ठाऊक नाही, पण अशा कादंबरीतून मला तो पुन्हा भेटावा असे फार वाटते.

त्याची साक्ष झाल्यानंतरचा दिवस मला दिसतो. तो शाळेत येतो. शेजारची जागा रिकामी आहे, तिथे कोणी दप्तर ठेवत नाही. गुरुजी हजेरीपट उघडतात. क्रमांक घेता घेता एका ठिकाणी त्यांचा आवाज किंचित अडतो, ते एक क्रमांक सोडतात आणि पुढचा घेतात. पुढचा क्रमांक या मुलाचा आहे. त्याला 'हजर' म्हणायचे आहे. कादंबरी तिथे सुरू व्हावी.